एमडी-पीएचडीची तयारी करायची असेल तर दादरचं हे सेंटर, पण पहिल्या-दुसऱ्या वर्षातच जा

पाचपैकी साडेचार देतेय. अर्धा कुठे कापला ते खाली येईलच, पण आधी चांगलं लिहिते कारण चांगलं जास्त आहे आणि ह्या विषयावर मराठीत कोणी नीट लिहिलेलं मला तरी सापडलं नव्हतं, जे मिळायचं ते सगळं जाहिरातीसारखं.

डॉक्टरही व्हायचंय आणि रिसर्चही करायचाय, अशा मुलांना ह्या सेंटरच्या मॅडम मार्गदर्शन करतात. दादर वेस्टला छबिलदासच्या गल्लीजवळ जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर जागा आहे, एक मोठी खोली, पांढरा बोर्ड, दहा-बारा खुर्च्या, बस. मॅडम स्वतः पीएचडी आहेत, बरीच वर्षं लॅबमध्ये काम करून आलेल्या. आमच्या घरातून दोघं जात होते. माझी मुलगी इथेच मुंबईत एमबीबीएस सेकंड इयरला आहे. दुसरा माझा भाचा, नणंदेचा मुलगा, जन्म न्यू जर्सीचा, तिकडेच बायोकेमिस्ट्री घेऊन बॅचलर्स करतोय आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे मुलुंडला राहायला आला होता. दोघांचं स्वप्न एकच, एमडी-पीएचडी, म्हणजे डॉक्टरकी आणि संशोधन अशा दोन्ही डिग्र्या. म्हटलं दोघं एकदमच जाऊ देत.

पहिल्या भेटीला पालकांना सोबत बसवतात हे मला फार आवडलं. आणि मॅडमनी पहिला प्रश्न मार्कांचा विचारला नाही, पासपोर्ट कुठला ते विचारलं. मला कळेना हे काय मधेच. मग त्यांनी समजावलं. अमेरिकेत जी मोठी एमडी-पीएचडी सीट असते, फी पूर्ण माफ आणि वर दर महिन्याला स्टायपेंड, त्यातल्या बऱ्याच सीटमागे तिकडच्या सरकारचा पैसा असतो. एनआयएच ह्या तिकडच्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची एमएसटीपी नावाची ग्रँट, १९६४ पासून चालू आहे. आणि ह्या ग्रँटचा पैसा फक्त अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच मिळतो. काही युनिव्हर्सिट्या स्वतःच्या पैशातून बाहेरच्या मुलांना घेतात पण अगदी मोजक्या, आणि तिथेही बहुतेक ठिकाणी बॅचलर्स किंवा निदान काही कोर्सेस अमेरिकेत किंवा कॅनडात केलेले लागतात. म्हणजे भाच्याला दार उघडं आहे आणि माझ्या मुलीला त्या दारातून जवळजवळ प्रवेश नाही. हे त्यांनी पहिल्या अर्ध्या तासात, फी घ्यायच्या आधी, तोंडावर सांगितलं. मुलगी हिरमुसली होती, मलाही वाईट वाटलं, पण दोन वर्षं तयारी करून मग कळलं असतं तर काय झालं असतं विचार करा.

मुलीला मात्र तसंच सोडलं नाही त्यांनी. तिकडची एमडी म्हणजे आपल्याकडची एमबीबीएसच, बॅचलर्सनंतर चार वर्षांची, त्यामुळे जी मुलगी आधीच एमबीबीएस करतेय तिने तीच डिग्री परत करायला अमेरिकेत जाण्यात अर्थ नाही. तिच्यासाठी रस्ते वेगळे. इंटर्नशिप संपली की एमबीबीएसच्या जोरावर थेट पीएचडीला बसता येतं, सीएसआयआर-नेट ह्या संशोधन फेलोशिपच्या परीक्षेला एमबीबीएस चालतं, कुलाब्याच्या टीआयएफआर ह्या संशोधन संस्थेसाठी बायोलॉजीची जी कॉमन एंट्रन्स असते त्यालाही चालतं. किंवा आधी नीट-पीजी देऊन एमडी आणि मग पीएचडी. इथे त्यांनी डॉक्टर-संशोधक गगनदीप कांग यांचं उदाहरण दिलं. सीएमसी वेल्लोरला एमबीबीएस, मग मायक्रोबायोलॉजीत एमडी, मग पीएचडी, लहान मुलांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसवर अनेक वर्षं काम, आणि २०१९ ला ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ह्या नामांकित विज्ञान संस्थेच्या फेलो. तिन्ही डिग्र्या भारतातच. तिसरा रस्ता म्हणजे अमेरिकेत नुसत्या पीएचडीला अर्ज करायचा, कारण पीएचडीच्या सीटला परदेशी मुलांनाही युनिव्हर्सिटीकडून किंवा गाईडच्या ग्रँटमधून फी आणि स्टायपेंड मिळतो, आणि नंतर तिकडेच प्रॅक्टिस करायची असेल तर यूएसएमएलई ही तिकडची डॉक्टरी परवान्याची परीक्षा देऊन रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं पुढचं प्रशिक्षण, काही रेसिडेन्सीत रिसर्चसाठी वेगळा ट्रॅक पण असतो. माझी मुलगी वहीत एवढं भराभर लिहून घेत होती की मला वाटलं आता हिचं जमतंय.

इथे थोडं विषयांतर करते, कारण राग आलाय आणि इतर आईवडिलांना कळायला हवं. ह्यांच्याकडे यायच्या आधी आम्ही अजून एका एजन्सीत जाऊन आलो होतो, नाव लिहीत नाही. चकाचक ऑफिस, कॉफी वगैरे. त्यांनी भाच्याला सांगितलं की मुंबईत आहेसच तर एका नर्सिंग होममध्ये क्लिनिकल इंटर्नशिप लावून देतो, इंजेक्शन द्यायला मिळेल, टाके घालायला मिळतील, अर्जात एकदम उठून दिसेल. आणि मुलीला म्हणाले की केस रिपोर्टमध्ये, म्हणजे एखाद्या पेशंटवर छापलेल्या पेपरमध्ये, तुझं नाव टाकून देतो, लेखकांच्या यादीत दुसऱ्या नंबरला एवढे पैसे, तिसऱ्या नंबरला एवढे. अक्षरशः रेटकार्ड. ह्या मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहराच बदलला. म्हणाल्या, ज्या मुलाचं शिक्षण झालेलं नाही त्याने पेशंटला सुई लावायची हा त्या पेशंटवर अन्याय आहे, आपला गरीब पेशंट म्हणजे कोणाच्या अर्जाची सोय नाही. आणि तिकडच्या कॉलेजांना ह्याचं कौतुकही वाटत नाही, तिकडच्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने स्पष्ट सूचना काढलेल्या आहेत की परदेशात जाऊन विद्यार्थ्यांनी शिक्षणाच्या पलीकडची कामं करू नयेत, अर्जात असं दिसलं तर उलट भुवया वर जातात. विकतच्या पेपरबद्दल तर एकच वाक्य बोलल्या, इंटरव्ह्यूत कोणीतरी त्या पेपरमधलं दुसरं चित्र समजावून सांग म्हणेल तेव्हा काय करणार.

आता शिकवण्याबद्दल. पालकांना मागे बसून बघू देतात म्हणून मी एक सेशन पूर्ण बघितलं, बॉम्बे ब्लड ग्रुपचं. १९५२ मध्ये आपल्या मुंबईतच डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा ग्रुप शोधला. ह्या लोकांचं रक्त साध्या टेस्टमध्ये ओ दिसतं, पण ओ वाल्याचं रक्त दिलं तरी शरीर ते स्वीकारत नाही, कारण ए आणि बी ज्याच्यावर तयार होतात तो एच अँटिजेन, म्हणजे रक्तपेशीवरची खूणच, ह्यांच्यात नसतो आणि उलट त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी असतात. मॅडमनी बोर्डाचे दोन भाग केले. डावीकडे म्हणाल्या, रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत असा पेशंट आलाय, ओ पॉझिटिव्हची बॅग क्रॉसमॅच होत नाहीये, तुम्ही काय कराल. मुलं बोलायला लागली, नातेवाईकांना तपासा, भावंडांत ग्रुप सापडू शकतो, दुर्मिळ डोनरच्या यादीत फोन लावा. उजवीकडे म्हणाल्या, सकाळ झाली, पेशंट वाचला, आता तुमच्या डोक्यात काय येतंय. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग माझी मुलगी म्हणाली, एच का नाहीये, कुठलं एन्झाइम बिघडलंय. एक मुलगा म्हणाला, हे आपल्याकडेच का जास्त दिसतं. मॅडम म्हणाल्या, डावी बाजू ज्याला पुरते त्याने छान डॉक्टर व्हावं, उजवी बाजू ज्याला पुरते त्याने छान पीएचडी करावी, आणि ज्याला डावीकडचा पेशंट वाचल्यावरही उजवीकडचा प्रश्न झोपू देत नाही त्याने दोन्हीचा विचार करावा. आणि लगेच हेही सांगितलं की दोन डिग्र्या असल्याशिवाय संशोधन होत नाही असं काही नाही, अमेरिकेचे ब्राउन आणि गोल्डस्टीन हे दोघंही फक्त एमडी होते आणि कोलेस्टेरॉलवरच्या कामासाठी १९८५ चं नोबेल घेतलं. सात-आठ वर्षं लागतात एमडी-पीएचडीला, आधी दोन वर्षं मेडिकल, मग चार-एक वर्षं पीएचडी, मग परत दोन वर्षं वॉर्ड, आणि त्याच्यापुढे रेसिडेन्सी आहेच. तर फी माफ होतेय एवढ्यासाठी कोणी जाऊ नये, असं त्या प्रत्येक बॅचला सांगतात. क्लास चालवणारी बाई एखाद्याला तू हे करू नकोस असं सांगते हे मी पहिल्यांदा बघितलं.

भाच्याचं काम खरं अवघड होतं. त्याने दोन वर्षांत चार लॅब बदलल्या होत्या, प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे महिने, आणि त्याला वाटत होतं की जेवढ्या जास्त तेवढं चांगलं. मॅडमनी त्याला प्रत्येक लॅबबद्दल तेच विचारलं, तिथे प्रश्न काय होता, कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा गट, काय होता, रिझल्ट मनासारखा आला नाही तेव्हा तू काय बदललंस. पहिल्या तिन्हींना त्याला धड उत्तर देता येईना. चौथ्या लॅबबद्दल मात्र तो दहा मिनिटं थांबलाच नाही, झेब्राफिश नावाचे छोटे मासे, त्यांच्या हृदयाचे ठोके, फिल्टर बदलल्यावर सिग्नल कसा गेला, सगळं. मॅडम म्हणाल्या मग तीच तुझी लॅब, आता पदवी होईपर्यंत हलायचं नाही, उन्हाळ्यात पण तिथेच, आणि लागलं तर पदवीनंतर एक-दोन वर्षं कुठेतरी लॅबमध्येच पूर्णवेळ काम करून मग अर्ज कर, तिकडे बरीच मुलं असं करतात, त्यात कमीपणा नाही. (ह्या सुट्टीत इकडे आला ते त्याच्या मामाच्या षष्ट्यब्दीसाठी, त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.)

अर्जाबद्दल त्यांची माहिती पक्की आहे. एएमसीएएस नावाचा एकच कॉमन अर्ज असतो, मे महिन्यात उघडतो, नेहमीच्या पर्सनल स्टेटमेंटशिवाय एमडी-पीएचडीवाल्यांना दोन निबंध जास्तीचे. एक, दोन्ही डिग्र्या का, ३,००० कॅरेक्टर्स. दुसरा, आतापर्यंत केलेल्या संशोधनाचा, १०,००० कॅरेक्टर्स. हा दुसरा निबंध म्हणजे सगळ्याचं मूळ. त्यांनी भाच्याकडून आत्ताच त्याचा कच्चा मसुदा लिहून घेतला, अर्ज करायला अजून वेळ असताना, आणि तो मी वाचला होता तेव्हा मला भारी वाटला होता. मॅडमनी लाल पेन घेऊन नुसते वुई शब्दाला गोल केले. पानभर गोल. म्हणाल्या, लॅबने केलं ते लॅबच्या वेबसाइटवर आहे, तू काय केलंस. पिपेट धरली असेल तर तसं लिही, डेटा मोजला असेल तर किती मासे मोजलेस आणि कसे मोजलेस ते लिही, छोटं असलं तरी तुझं असू दे. दुसऱ्या मसुद्यात त्याने एक प्रसंग लिहिला, तीन आठवडे रिझल्ट उलटे येत होते आणि शेवटी लक्षात आलं की दोन टँकचं तापमान सारखं नव्हतं. ते वाचून मला, जिने बारावीनंतर सायन्सचं पुस्तक उघडलेलं नाही, कळलं की हा पोरगा काय करतो तिकडे.

ज्या ज्या गाईडकडे काम केलं त्या प्रत्येकाचं शिफारसपत्र एमडी-पीएचडीला अपेक्षित असतं, त्यामुळे आधीच्या तिन्ही प्रोफेसरांनाही त्याने मेल करून संपर्क ठेवावा असं बजावलं. आणि नुसती लॅब पुरत नाही, पेशंटच्या जवळ नियमित वेळ घालवलेला दिसला पाहिजे, नाहीतर कमिटी विचारते की मग नुसती पीएचडी का नाही करत. त्याने परत गेल्यावर कॉलेजजवळच्या हॉस्पिटलात दर आठवड्याला व्हॉलंटियर म्हणून जायचं असं ठरलंय.

मुलीसाठी त्यांनी आयसीएमआरची, म्हणजे आपल्या सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, एसटीएस धरली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, मेडिकलच्या मुलांना एमबीबीएस चालू असताना दोन महिन्यांचा छोटा रिसर्च करता येतो, गाईड आपल्याच कॉलेजातला, एथिक्स कमिटीची परवानगी लागते, शेवटी रिपोर्ट द्यायचा आणि तो मान्य झाला तर सर्टिफिकेट आणि स्टायपेंड. मुलीने विषय आणला होता, मुंबईतील मधुमेही रुग्णांच्या जीवनशैलीचा अभ्यास. मॅडम म्हणाल्या, मुंबईतले सगळे? दोन महिन्यांत? मग पुढचा तासभर त्या फक्त छाटत होत्या. मुंबई गेली, तुमची ओपीडी राहिली. जीवनशैली गेली, इन्सुलिन घेणारे पेशंट राहिले. शेवटी उरलं ते असं, आमच्या ओपीडीत येणारे इन्सुलिनवरचे पेशंट इंजेक्शन बरोबर घेतात का, सुई किती वेळा वापरतात, जागा बदलतात का, औषध कुठे ठेवतात. एका पानाची चेकलिस्ट, पेशंटला समोर करून दाखवायला सांगायचं, स्वतः बघून टिक करायची, किती पेशंट लागतील ते गाईडसोबत आधी काढायचं. दोन महिन्यांत होण्यासारखं आणि उपयोगाचं. घरी येऊन पहिली टेस्ट सासूबाईंवर झाली, त्या कित्येक वर्षं पोटावर एकाच जागी टोचत होत्या आणि तिथे गाठीसारखं झालंय, कोणी कधी विचारलंच नव्हतं. आता जागा बदलून घेतात. प्रपोजल सिलेक्ट होईल न होईल, पण ती आता वॉर्डमधून आली की वेगळेच प्रश्न घेऊन येते.

अजून एक त्यांची सक्ती म्हणजे लॅबची वही. पेनने लिहायची, तारीख टाकायची, चुकलं तर एक रेघ मारायची पण खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. दर भेटीला बघतात.

आता अर्धा स्टार. एमकॅट हे लोक शिकवत नाहीत. तिकडच्या मेडिकलची ती एंट्रन्स, स्कोअर ४७२ ते ५२८ मधे, ब्रेक धरून साडेसात तास बसायचं, चार सेक्शन, आणि त्यातला एक नुसता वाचनाचा, ५३ प्रश्न, ९० मिनिटं, इतिहास कला तत्त्वज्ञान असले उतारे, सायन्स शून्य. भाच्याला खरी भीती ह्याचीच आहे. मॅडम फक्त वेळापत्रक आखून देतात आणि कुठलं ऑफिशियल मटेरियल घ्यायचं ते सांगतात, वाचनाच्या सेक्शनसाठी रोज एक लांब लेख वाचून लेखकाचं म्हणणं दोन ओळींत लिही एवढाच उपाय. उपाय चांगला आहे, भाचा तो करतोयही, पण फिजिक्स-केमिस्ट्रीची शंका विचारायला माणूस नाही. ज्यांना एमकॅटसाठी क्लास हवाय त्यांनी दुसरीकडे बघावं.

दुसरं, व्हॉट्सॲपला उत्तर यायला कधी कधी दोन-दोन दिवस जातात. त्या एकट्याच सगळं बघतात ते समजतं, पण भाच्याची परत जायची तारीख जवळ आली होती तेव्हा जीव टांगणीला लागला होता. आणि पावसात सेशन आयत्या वेळी ऑनलाइन करतात, हिंदमाताला पाणी भरल्यावर दुसरं काय करणार म्हणा, पण निदान दोन तास आधी कळवलं तर मुलुंडचा माणूस घरून निघणारच नाही.

फी एका बैठकीची १,५०० आहे, पॅकेजची सक्ती नाही, हे मला सगळ्यात प्रामाणिक वाटलं. मोठ्या एजन्सींनी आमच्याकडे लाखात आकडे सांगितले होते. पहिली भेट फुकट. निबंध तपासायचे वेगळे पैसे घेतात, पण स्वतः लिहून देत नाहीत, एक वाक्यसुद्धा नाही, समोरच्या बाईंनी मुलासाठी फार आग्रह केला तेव्हाही नाही. मुलांशी इंग्रजीत आणि मराठीत मिसळून बोलतात, पालकांशी पूर्ण मराठीत, माझ्या मिस्टरांनी तेच तेच प्रश्न तीनदा विचारले तरी तेवढ्याच शांतपणे सांगितलं.

शेवटच्या वर्षात असाल तर उपयोग कमी होईल असं माझं मत, कारण ह्यांचा सगळा जोर एका लॅबमध्ये दीर्घकाळ टिकून काम करण्यावर आहे आणि तो वेळ पैसे देऊन मिळत नाही. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची मुलं पण येतात, त्यांना त्या समर रिसर्च फेलोशिपचे अर्ज करायला लावतात, सायन्स अकादमींची, टीआयएफआरची वगैरे. एक मुलगी तर अकरावीतली होती, तिला म्हणाल्या आधी बायोलॉजी व्यवस्थित वाच आणि दोन वर्षांनी ये, फी घेतली नाही.

जाताना मार्कशीट, आतापर्यंत लॅबमध्ये काय केलं त्याची कुठलीही नोंद आणि पासपोर्टची झेरॉक्स घेऊन जा. शनिवारी सकाळची वेळ मागा, संध्याकाळी रानडे रोडवरून चालणंही मुश्किल होतं. लिफ्ट नाहीये आणि जिना लाकडी आणि उंच आहे, आजीआजोबांना सोबत नेणार असाल तर फोन करून आधी सांगा, त्या खाली येऊन बोलतात.